आड दिवसाचा उमेदवार

एक दिवस लोखंड आणि एक दिवस वही, अशी माझी उमेदवारीची वर्षं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठाण्याच्या खाडीकाठच्या कारखान्यात कानस चालवायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची गाडी धरून मुंबईच्या कॉलेजात जायचं, तिथे यंत्रांची चित्रं काढायची, वाफेचं गणित शिकायचं आणि संध्याकाळी परत यायचं. माझे वडील कल्याणच्या बंदरावर मचवे बांधणारे सुतार. आपल्या मुलानं लोखंड शिकावं असं त्यांच्या मनात कधी आलं ते मला ठाऊक नाही, पण एके दिवशी मला घेऊन ते कारखान्यात आले आणि पाच वर्षांच्या करारावर सही करून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "लाकूड चुकलं तर दुसरा तुकडा जोडता येतो. इथे तसं नाही म्हणतात. जपून कर."

राहायला मी मामांकडे होतो, टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला. मामा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्या कपड्यांना, हातांना, उशीलासुद्धा औषधांचा वास यायचा. सगुणामामी पहाटे उठून पेज करायची आणि तिच्याबरोबर चुलीत भाजलेला सुका बोंबील द्यायची. दुपारसाठी फडक्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं बांधलेलं असायचं. त्या घराचे आवाज मला आजही क्रमानं आठवतात. आधी तुरुंगातली तासाची घंटा, मग शेजारच्या अंगणातलं कांडण, मग मामांचं घसा साफ करणं, आणि सगळ्यात शेवटी कारखान्याचा भोंगा. माझं अंथरूण मधल्या खोलीत असे. त्या खोलीला खिडकी नव्हती. नव्या घरात माणसाला जसं एकटं वाटतं तसं मला त्या खोलीत कधी वाटलं नाही. तेव्हा मला ही चांगलीच गोष्ट वाटत होती.

कारखान्यात मला हत्यारखोलीत घातलं होतं. मोठ्या शेडच्या अगदी शेवटी, मिठागरांच्या बाजूला ही लहान खोली. तिथे इतर कारागिरांना लागणारे साचे, मापं, काटकोन तपासायचे गुणे तयार व्हायचे. शेडकडून एक दार होतं, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काच, आणि त्या काचेवर वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल. मागचं दार थेट मिठागरांच्या बांधावर उघडायचं. खोलीचे धनी आंतोन मिस्त्री, ठाण्याचेच किरिस्ताव, साठीच्या आसपासचे, उंच आणि वाकलेले. दुपारी त्यांची मुलगी मागच्या दारानं त्यांचा डबा घेऊन यायची. त्यांची शिकवण्याची रीत मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटली. मी वाईसमध्ये लोखंड पकडून कानस मारत असताना ते माझ्या हाताकडे कधीच बघत नसत. तोंड भिंतीकडे करून बसायचे आणि ऐकायचे.

"आवाज फाटला," ते म्हणायचे. "डावा कोपरा उचलला तू."

आणि डावा कोपरा खरोखर उचललेला असे. मला एक खोड होती. कानशीचे तीन फेरे मारले की मी क्षणभर थांबायचो. ती मोडायला त्यांनी फार खटपट केली. "तीन फेरं नि थांब, तीन फेरं नि थांब. लंगडा चालतो तसा चालतो तुझा हात," ते म्हणत. मी उभाही वाईट राहत असे, उजवा खांदा पाडून, सगळा भार डाव्या पायावर टाकून.

दुसऱ्या वर्षी मला परीक्षेचं काम दिलं. एका जाड लोखंडी पाटीत चौकोनी भोक पाडायचं आणि त्यात बसणारा चौकोनी ठोकळा करायचा, दोन्ही नुसत्या हातानं. ठोकळा कुठल्याही बाजूनं फिरवून घातला तरी तो सावकाश, श्वास सोडल्यासारखा खाली गेला पाहिजे, आणि उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. ऐकायला सोपं. मी महिनाभर झगडत होतो आणि माझ्या ठोकळ्याच्या चारही बाजूंनी ठाण्याची खाडी दिसत होती.

याच सुमाराला एका बुधवारी गणपत मला म्हणाला, "काय रे दत्तू, काल हाक मारली तर बघितलंसुद्धा नाहीस." गणपत ड्रिलवर काम करायचा, काचेच्या दाराच्या अगदी समोर. सरळ माणूस, थट्टेच्या वाटेला न जाणारा.

"काल मी मुंबईला गेलेलो," मी म्हटलं. "मंगळवार होता."

"मग काल तिथं वाईसवर कोण उभं होतं? तुझा निळा कोट, तुझी टोपी. असाच खांदा पाडून."

मला वाटलं, त्याचा दिवसांचा घोळ झाला. पण पुढच्या आठवड्यात दोघा-तिघांनी तेच सांगितलं. हजेरीच्या कारकुनानं तर मला वही काढून दाखवली. गेल्या तीन मंगळवारी माझ्या नावापुढे हजर अशी खूण होती. "मी दारापर्यंत येऊन बघतो आणि मगच मांडतो," तो जरा रागावूनच म्हणाला. "तू होतास." आणि आंतोन मिस्त्री एका सोमवारी माझी कानस ऐकता ऐकता वैतागून म्हणाले, "असं नको. शनिवारी कसं केलंस, तसं कर." मी थांबलो. त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मग मी ठोकळ्याकडे नीट बघायला लागलो. संध्याकाळी काम थांबवताना मी तो कापडात गुंडाळून फळीवर ठेवत असे. दिवसाआड परत हातात घेतला की तो मी ठेवला तसा नसे. ज्या कोपऱ्यानं मला आठवडाभर छळलं होतं तो कोपरा साफ झालेला असे. पृष्ठभागावर कानशीचे ओरखडे माझ्यापेक्षा बारीक, सगळे एका दिशेनं, विंचरल्यासारखे. कोणीतरी माझं काम माझ्याहून चांगलं करत होतं, आणि तो कोणीतरी मीच होतो असं सगळा कारखाना सांगत होता.

मी एक युक्ती केली. ठोकळ्याच्या तळाला, जिथे कोणी बघणार नाही अशा जागी, सुईच्या टोकानं एक बारीक उभी रेघ ओढली. शुक्रवारी ओढली, सोमवारी बघितली. माझ्या रेघेशेजारी, तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच अंतरावर दुसरी रेघ होती. खोलीत ऊन आलं होतं, शेडमध्ये यंत्रांचे पट्टे फिरत होते, गणपत कोणाशी तरी बोलत होता. मी ठोकळा खाली ठेवला आणि दोन्ही हात कोटावर पुसले, पुन्हा पुसले, तरी ते ओलेच राहिले.

कामाचा कोट आणि टोपी आठवडाभर हत्यारखोलीत खुंटीला असत; शनिवारी संध्याकाळी मुंबईहून परतताना कोट मी घरी न्यायचो, मामी रविवारी धुवायची. त्या रविवारी ती कोट तसाच हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. बाह्या दोन दोन घड्या घालून वर दुमडलेल्या होत्या, आणि त्या घड्या पक्क्या बसल्या होत्या. मला तो कोट मुळात आखूड होत होता. मी कधी बाही दुमडत नसे. आणि छातीशी, जिथे माणूस नकळत बोटं पुसतो तिथे, शेंदराची चार बोटं उमटली होती.

"शेंदूर कुठला?" मामीनं विचारलं.

मी सांगितलं की कारखान्यात शेंदूर तेलात कालवून लोखंडाला लावतात, म्हणजे उंचवटा कुठे राहिलाय ते कळतं. तिनं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून तिनं तो त्या डागांवर ठेवला. माझी बोटं त्या बोटांपेक्षा जाड होती.

मग मी तिला सगळं सांगितलं. मामा बाहेरून आले, जेवणं झाली, मामा आडवे झाले, तेव्हा ती मला परसात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या आईनं तुला सांगितलं नसेल. तिनं कोणालाच सांगू दिलं नाही. तुझा जन्म इथलाच, या घरातला, त्या मधल्या खोलीतला. तुम्ही दोघं होतात दत्तू. तू आधी आलास. दुसरा तुझ्यासारखाच, तसूभर फरक नाही. पाचव्या दिवशी गेला. नाव ठेवायचंही राहिलं."

"कुठे नेला?" मी विचारलं.

तिनं मान खाडीकडे वळवली. "मामांनी नेऊन पुरला, बांधापाशी. तेव्हा तिकडं कारखाना नव्हता. नुसती मिठागरं होती."

मी आता पंचाहत्तरीला आलो आहे. पुष्कळ यंत्रं पाहिली, दोन-तीन वेळा मरणही जवळून पाहिलं. पण त्या दुपारी परसात, केळीच्या पानांवर ऊन चकाकत असताना जी थंडी माझ्या पाठीतून वर चढली तशी पुन्हा कधी चढली नाही. मला भीती वाटली ती तो आला आहे याची नाही. त्याला कानस इतकी छान कशी येते, याची वाटली. मी कॉलेजात जाऊन वाफेचे नियम पाठ करत होतो, आणि ज्याला नावसुद्धा मिळालं नव्हतं तो माझ्या जागेवर उभा राहून माझ्याहून चांगला माणूस होत होता.

त्या दिवसापासून मामी जेवायला वाढताना माझ्या पानाशेजारी भाताची एक लहान मूद ठेवू लागली. मामांनी विचारलं तर "मांजरासाठी" म्हणायची. कॉलेजातही माझं चित्त लागेना. चित्रकलेच्या तासाला पट्टीनं रेघ ओढताना मध्येच वाटे, आत्ता तो उभा असेल. आत्ता तीन फेरे मारून थांबला असेल. आणि माझा हात आपोआप थांबे. मास्तरांनी दोनदा विचारलं, प्रकृती बरी नाही का म्हणून.

एका गुरुवारी कॉलेजचे एक वृद्ध शिक्षक वारल्याची बातमी आली आणि दहालाच सुट्टी झाली. दुपारी मी ठाण्याला उतरलो. घरी जायला हवं होतं. पाय कारखान्याकडे वळले, आणि तेही फाटकाकडे नाही, मागच्या बाजूनं, मिठागरांच्या बांधावरून. सगळीकडे पांढरं होतं. मिठाचे ढीग, त्यांच्यामधलं उथळ पाणी, वरचं आकाश, काहीच वेगळं करता येत नव्हतं. माणूस एकही नव्हता, मजूर जेवून सावलीला पडले होते. कारखान्याचा आवाज वाऱ्यावर कमी-जास्त होत होता आणि त्यातून मला कानस ऐकू यायला लागली. तीन फेरे आणि थांबा. तीन फेरे आणि थांबा.

मी तो आवाज माझ्या बाहेरून कधी ऐकला नव्हता. बांधावर मी किती वेळ उभा राहिलो सांगता येत नाही. याच मातीत कुठेतरी पाच दिवसांचा एक जीव होता, आणि तो पुढे माझ्या हातानं काम करत होता. परत फिरावंसं फार वाटलं. पण परत फिरलो असतो तर मला त्या खोलीत पुन्हा कधी पाऊल टाकता आलं नसतं, हेही कळत होतं. मी मागच्या दारापाशी गेलो. ते उघडंच होतं.

आत माझी पाठ होती. माझा निळा कोट, माझी टोपी, पडलेला उजवा खांदा, डाव्या पायावर टाकलेला भार. तीन फेरे मारून तो हात थांबला. आंतोन मिस्त्री भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. त्यांनीच आधी मान उचलली, माझा श्वास ऐकला असावा.

"कोन हाय?" ते म्हणाले.

ती पाठ वळली. टोपीखाली एका मुलीचा चेहरा होता. तो चेहरा मी कामाच्या प्रत्येक दिवशी पाहत होतो. मिस्त्रींचा जेवणाचा डबा घेऊन दुपारी मागच्या दारानं येणारी त्यांची मुलगी, फिलोमिना. घरातले फिलू म्हणत. माझ्या दिवशी ती डबा ठेवून जायची. येताना तिला सगळे बघत, जाताना कोणीच बघत नसे, मीसुद्धा. कोटाच्या बाह्या दोन घड्या घालून दुमडलेल्या होत्या आणि बोटांना शेंदूर होता.

मी उंबऱ्यावरच बसलो. ती मला बघून घाबरली असणार, पण तिनं आधी वाईसमधून ठोकळा काढला, पुसला, फळीवर ठेवला आणि मग बोलली. "बापसाला दिसत नाय. दोन वरसं झाली. साहेबाला कललं तर उद्या घरी बसवंल."

माझ्याकडे म्हणून मिस्त्रींनी तोंड वळवलं, ते माझ्या जरा डाव्या बाजूला वळलं. दोन वर्षं हा माणूस मला शिकवत होता आणि त्याला माझा चेहरा ठाऊक नव्हता, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली.

"पण माझ्यासारखी कशाला..." मी तिच्या खांद्याकडे बोट दाखवलं. "खांदा, ते थांबणं."

"काचंतून बघनाऱ्याला तूच वाटायला पायजे. ऐकनाऱ्याला पन. शिकायला आठ दिस लागले मना. अवघड हाय तुझ्यासारखं वाईट उभं ऱ्हानं."

"आणि माझा ठोकळा?"

"तो करायचा नव्हता," ती म्हणाली. "कोपरा तसा टाकून गेलेलास. बघवला नाय."

तिला लहानपणापासून मिस्त्रींनीच घरी शिकवलं होतं, मुलगा नव्हता म्हणून. डोळे गेले तेव्हा बारीक मापांचं काम तिच्यावर आलं; आधी ती ते घरी करायची, हल्लीच खोलीत येऊ लागली होती. मी नसेन त्या दिवशी कोट अडकवलेला असायचाच. त्या रेघेबद्दल मी विचारलं. ती थोडी हसली. तिला वाटलं होतं, मी ओळखलं आहे आणि तसं कळवतो आहे. म्हणून तिनंही उत्तर दिलं.

मी घरी जाऊन मामीला खरं ते सांगितलं. तिनं देवापुढे दिवा लावला आणि बरं झालं म्हणाली. भाताची मूद मात्र ती पुढेही ठेवत राहिली, आणि मीही तिला कधी थांबवलं नाही.

मामीशिवाय मी कोणाला काही सांगितलं नाही. परीक्षेपर्यंतचे उरलेले तीन-चार महिने आम्ही दोघांनी मिळून तो ठोकळा केला, एकमेकांशी चार वाक्यंही न बोलता. मी सोमवारी एक बाजू करायचो, ती मंगळवारी मला त्यातली चूक शेंदराच्या ठिपक्यानं दाखवून ठेवायची, बुधवारी मी ती दुरुस्त करायचो. मिस्त्रींच्या बोलण्यातून जे कळलं नव्हतं ते त्या ठिपक्यांतून कळलं. पण शेवटचा हात तिचाच. ज्या दिवशी मी ठोकळा भोकावर ठेवला आणि तो नुसता आपल्या वजनानं, आवाज न करता खाली गेला, त्या दिवसाच्या आदल्या दिवशी मी मुंबईत होतो.

मोठे साहेब हत्यारखोलीत वर्षातून एकदा येत. त्यांनी ठोकळा चारही बाजूंनी फिरवून घातला, काढला, खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला. मग विचारलं, "किसका काम?"

मिस्त्री स्टुलावर ताठ बसले होते. मी खरं सांगितलं असतं तर त्यांचे डोळे उघडे पडले असते, हे मला दिसत होतं. आणि साहेबांच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्यही दिसत होतं, तेही मला हवं होतं. या दोन्हींतलं जास्त काय होतं हे मी इतक्या वर्षांत अनेकदा तपासून बघितलं आहे. मी म्हणालो, "मेरा, साहेब."

आठवड्यानं हुकूम आला. उमेदवाराचा हात इतका तयार झाला असेल तर हत्यारखोलीला वृद्ध मिस्त्रीची आवश्यकता नाही. खोली माझ्याकडे सोपवावी. आंतोन मिस्त्रींनी ते ऐकलं, उठले, फळीवरून हात फिरवत आपली स्वतःची हत्यारं एकेक ओळखून पिशवीत भरली. दारात थांबून म्हणाले, "काम बाकी चांगलं झालं हां." मागच्या दारानं ते बांधावर उतरले आणि बोटांनी हवा चाचपत निघाले. मी धावत जाऊन त्यांना घरापर्यंत सोडलं. फिलूनं दारातून त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

तीन दिवस मी अन्न गिळत होतो एवढंच. चौथ्या दिवशी मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तू एकच शब्द बोललास," ते म्हणाले. "मग जा आणि दुसरा बोलून ये. फार अवघड नाही ते. उशीर मात्र झालाय, तो तुझ्या पदरात राहील."

साहेबांच्या खोलीत मी कॉलेजात शिकलेल्या इंग्रजीतून सगळं सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, आण तिला.

ती आली. हिरवं लुगडं, केसांत फूल, जशी रविवारी चर्चमध्ये जात असेल तशी, बरोबर मिस्त्री. या वेळी फाटकातून आली. साहेबांनी लोखंडाचा एक नवा तुकडा वाईसमध्ये घालायला सांगितला आणि समोर खुर्ची टाकून बसले. फिलूनं पदर खोचला आणि कानस घेतली. खांदा पाडला नाही, मध्येच थांबली नाही. तिची स्वतःची चाल मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, लांब आणि सलग, एकाच श्वासातली. अर्धा कारखाना काचेपाशी गोळा झाला होता. गणपत माझ्या कानाशी पुटपुटला, "त्या मंगळवारी ही होती?" मी मान हलवली. तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला. मी भूत झालो होतो तेव्हा तो सरकला नव्हता.

तासाभरानं साहेबांनी तुकडा गुण्याला लावून उजेडासमोर धरला. कुठेही रेघ नव्हती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणि मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास," ते म्हणाले. "तुमने लडकी को बहुत अच्छा सिखाया."

"नो सर," मी म्हणालो. "शी टॉट मी."

त्यांनी खांद्यावर आणखी एकदा थोपटलं. माझा विनय त्यांना आवडला होता. फिलूनं कानस जागेवर ठेवली, हात पुसले, "चला बाबा," म्हणाली आणि मिस्त्रींचं मनगट धरून सगळ्यांच्या मधून निघून गेली.

हत्यारखोली माझ्याकडेच राहिली आणि मी करार पुरा केला. कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर परीक्षेच्या कामाबद्दल खास शेरा होता. मग कराचीला, मग मध्य प्रांतात नोकऱ्या झाल्या, लग्न झालं. सात वर्षांनी ठाण्याला आलो तेव्हा खाडीकाठच्या त्यांच्या घरी गेलो. मिस्त्री आदल्या वर्षी वारल्याचं मला वाटेत कळलं. काय बोलायचं ते मी गाडीत बसून शब्दन् शब्द जुळवलं होतं.

ती ओट्यावर बसली होती. गावातल्या एका होडीच्या सुकाणूची लोखंडी पट्टी दुरुस्तीला आली होती. वाईस नव्हता, दगडावर पट्टी ठेवून ती पायानं दाबत होती आणि पट्टी निसटत होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही.

"फिलू, मी बोलायला आलोय," मी म्हटलं.

"बोलशील मागनं. आधी हे धर."

मी टोपी काढून बाजूला ठेवली, गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी पट्टी दगडावर दाबून धरली. तिनं कानस टेकवली. प्रत्येक फेऱ्याला माझ्या मनगटापर्यंत हिसका येत होता, लोखंडाचा भुगा माझ्या नखांवर पडत होता. थोड्या वेळानं माझी पकड जराशी ढिली झाली. तिनं वर बघितलं नाही.

"हलू नको," ती म्हणाली.

मी हललो नाही.